शौर्यपदकें आणि दक्षिण आफ्रिकेचे अधिकारी

गेल्या पावसाळी सत्रांत इतिहासाच्या तासाला इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें रुमालांत बांधून एक वस्तु आणली. सहा कोनांची, पितळी रंगाची ती एक चांदणी होती. तिला फिक्या पिवळसर रंगाची फीत होती. फितीच्या मधोमध तांबडा पट्टा, एका बाजूस गडद निळी व दुसऱ्या बाजूस फिकी निळी रेघ. त्याच्या पणजोबांना दुसऱ्या महायुद्धांत मिळालेलें तें पदक होतें. "सर, हें त्यांना कोणत्या पराक्रमाबद्दल मिळालें?" असा त्यानें मोठ्या अभिमानानें प्रश्न केला. सगळा वर्ग माझ्याकडे पाहूं लागला, आणि खरें उत्तर देतांना मला क्षणभर संकोच वाटला. कारण ती 'आफ्रिका स्टार' होती. १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळांत ज्या सैनिकांनीं उत्तर आफ्रिकेच्या रणक्षेत्रांत सेवा केली, त्या सर्वांस ती मिळाली आहे. कोणा एकाच्या विशिष्ट पराक्रमाशीं तिचा संबंध नाहीं.

मुलाचा चेहरा उतरला. तो रुमालाची गांठ पुन्हां बांधूं लागला, आणि हळूच म्हणाला, "पण सर, ते टोब्रुकला होते असें आजी सांगते."

हें एक वाक्य ऐकलें आणि मला पुढील कित्येक आठवडे पुरेल इतका अभ्यासाचा विषय मिळाला. टोब्रुक हें लिबियांतील बंदर २१ जून १९४२ रोजीं जर्मन सेनापति रोमेल याच्या हातीं पडलें व दोस्तांचे सुमारे तेहतीस हजार सैनिक एका दिवसांत कैदी झाले. त्या तटबंदीच्या आग्नेय कोपऱ्यावर पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती, आणि आदल्या दिवशीं पहाटे रोमेलच्या सैन्याचा पहिला आघात तिच्याच मोर्च्यांवर कोसळला. परंतु टोब्रुकच्या शिबंदींत सर्वांत मोठा भरणा होता तो दक्षिण आफ्रिकेच्या दुसऱ्या डिव्हिजनचा, आणि सेनापति मेजर-जनरल क्लॉपर हेही त्याच देशाचे. शौर्यपदक कोणास मिळतें, कसें मिळतें आणि कोणास मिळत नाहीं, हें समजून घ्यावयाचें असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याइतकें चांगलें उदाहरण मला दुसरें सांपडलें नाहीं. त्या मुलास मीं तासाला अर्धेंच उत्तर दिलें होतें. उरलेलें उत्तर येथें लिहितों.

पदकांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. मोहिमेंत भाग घेतल्याबद्दलचें पदक हा एक, आणि शत्रूसमोर केलेल्या विशिष्ट कृत्याबद्दलचें शौर्यपदक हा दुसरा. पहिल्यास हजेरी पुरते. दुसऱ्यास साक्षीदार लागतो. कोणीतरी तें कृत्य पाहिलें पाहिजे. पाहणारा जिवंत परत आला पाहिजे. त्याची हकीकत वरिष्ठांकडे लेखी गेली पाहिजे. ती शिफारस एकेक पायरी वर चढली पाहिजे. आणि अखेर 'लंडन गॅझेट' या सरकारी पत्रांत ती प्रसिद्ध झाली पाहिजे. रणांगणावरील धांदलींत यांतील एक दुवा तुटला कीं पराक्रम झाला तरी पदक नाहीं.

शिवाय ब्रिटिश साम्राज्याच्या पदकांत आणखी एक भेद होता, व तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कोणतें पदक मिळावयाचें हें कृत्यावरून ठरे, तसेंच तें करणाऱ्याच्या हुद्द्यावरूनही ठरे. १८८६ सालीं स्थापन झालेली 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' ही अधिकाऱ्यांसाठीं. डिसेंबर १९१४ मध्यें निघालेला 'मिलिटरी क्रॉस' हा कॅप्टन व त्याखालील अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर यांच्यासाठीं. साध्या शिपायानें किंवा सार्जंटानें तसेंच कृत्य केलें तर त्यास १९१६ पासूनचें 'मिलिटरी मेडल', अथवा त्याहून श्रेष्ठ व जुनें असें 'डिस्टिंग्विश्ड कॉंडक्ट मेडल'. क्रॉसही रुप्याचा आणि मेडलही रुप्याचेंच. परंतु एक पाहतांच हा साहेबाचा व दुसरें पाहतांच हा शिपायाचा, हें कळत असे. हा भेद १९९३ सालापर्यंत टिकला. त्या वर्षीं मिलिटरी क्रॉस सर्व हुद्द्यांना खुला झाला आणि मिलिटरी मेडल बंद पडलें.

यांत अपवाद एकच. २९ जानेवारी १८५६ रोजीं स्थापन झालेला 'व्हिक्टोरिया क्रॉस' हा काशाचा साधासा क्रॉस प्रथमपासूनच जनरलापासून शिपायापर्यंत कोणासही मिळूं शके. (हिंदी शिपायांस मात्र तो १९११ सालापर्यंत बंद होता, हेंही सांगून ठेवतों.) आणखी एक नियम लक्षांत ठेवावा, म्हणजे पुढील हकीकती नीट समजतील. १९७९ सालापर्यंत मृत्यूनंतर मिळूं शके असा रणांगणावरील मान दोनच प्रकारचा होता. एक तर व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीं तर खलित्यांत नुसता नामनिर्देश. मधलें कांहीं नाहीं.

आतां दक्षिण आफ्रिकेकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत त्या देशाची एक ब्रिगेड ब्रिगेडियर-जनरल लुकिन यांच्या हाताखालीं फ्रान्समध्यें लढत होती. जुलै १९१६ मध्यें सोमच्या लढाईंत तिला डेल्व्हिल वुड हें रान घेऊन कोणत्याही मोलानें राखण्याचा हुकूम झाला. १२१ अधिकारी व ३,०३२ शिपाई एवढें तिचें बळ होतें. १५ तारखेच्या पहाटे ती रानांत शिरली. पुढील पांच दिवस जर्मन तोफांनीं त्या रानाची अशी चाळण केली कीं उभें झाड राहिलें नाहीं. २० तारखेस लेफ्टनंट-कर्नल थॅकरे बाहेर आले, तेव्हां त्यांच्याबरोबर दोन जखमी अधिकारी व १४० शिपाई होते. त्या रानांत विल्यम फॉल्ड्स नांवाच्या साध्या शिपायानें दिवसाउजेडीं मोर्चा ओलांडून, शत्रूपासून अवघ्या पंचवीस यार्डांवर जखमी होऊन पडलेल्या आपल्या लेफ्टनंटास दोन सोबत्यांच्या मदतीनें आणिलें. पुढें दुसऱ्या एका जखमीस आणावयास तो एकटाच गेला व त्याला जवळजवळ अर्धा मैल उचलून दवाखान्यांत पोंचविलें. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें तो अधिकारी झाला, आणि १९१८ च्या लढाईंत त्यानें मिलिटरी क्रॉसही मिळविला. शिपायांतून अधिकारी होण्याचा हा मार्ग त्यास मोकळा होता, एवढें येथें ध्यानांत ठेवावें.

त्याच युद्धांतील दुसरा वीर माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडतो, कारण तो बुटका होता. अँड्र्यू बीचम-प्रॉक्टर हा मॉसेल बे येथें १८९४ सालीं एका शाळामास्तराच्या पोटीं जन्मला. उंची पांच फूट दोन इंच. कॉलेजांत अभियांत्रिकी शिकत असतां तो पलटणींत संदेशवाहक शिपाई म्हणून दाखल झाला, जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेंतील मोहीम आटोपून पुन्हां कॉलेजांत येऊन बसला, आणि १९१७ सालीं विमानदळांत अगदीं खालच्या दर्जाचा कारागीर म्हणून भरती होऊन वर चढत गेला. विमानांतील बैठक व पायटे त्याच्या उंचीस जुळत नसत. तीं बदलून घ्यावीं लागलीं, तेव्हां कोठें त्याचे पाय पोंचूं लागले. ऑक्टोबर १९१८ मध्यें हाताला गोळी लागून त्याचें लढणें थांबलें, तोंपर्यंत त्यानें शत्रूचीं विमानें व टेहळणीचे फुगे मिळून ५४ पाडले होते. व्हिक्टोरिया क्रॉस, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, दोनदां मिलिटरी क्रॉस आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस एवढे मान त्याच्या नांवापुढें लागले. आणि मग? युद्ध संपलें, तो मायदेशीं गेला, त्यानें आपली राहिलेली पदवी पूर्ण केली, विमानदळांत परत आला, आणि २१ जून १९२१ रोजीं इंग्लंडांत विमानांच्या जत्रेसाठीं सराव करीत असतां विमान कोसळून मेला. वय सव्वीस. शत्रूनें जें केलें नाहीं तें एका कसरतीनें केलें.

ह्या दोघांच्या कथेंत हुद्दा ही चढावयाची शिडी आहे. ज्यांच्यापुढें शिडीच नव्हती अशांचीही एक कथा त्याच युद्धांत आहे. फ्रान्सच्या बंदरांत माल उतरविणें, लांकूड तोडणें, रस्ते करणें अशा कामांसाठीं दक्षिण आफ्रिकेंतील काळ्या लोकांचें एक मजूरपथक नेण्यांत आलें होतें. त्यांतील कांहीं जणांस घेऊन निघालेली 'मेंडी' ही बोट २१ फेब्रुवारी १९१७ रोजीं पहाटे धुक्यांत, वाइट बेटाजवळ, 'दारो' नांवाच्या दुसऱ्या बोटीच्या धडकेनें बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. युद्ध संपल्यावर या पथकाच्या लोकांना मोहिमेचें साधें पदकही देऊं नये, असा निर्णय त्यांच्याच देशाच्या सरकारनें केला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यानें रुमालांत बांधून आणली तेवढी हजेरीची खूणसुद्धां त्यांच्या घरीं गेली नाहीं.

दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां त्यांत पडावें कीं नाहीं यावर दक्षिण आफ्रिकेंतील गोऱ्यांतच दोन तट होते. ४ सप्टेंबर १९३९ रोजीं पार्लमेंटांत ८० विरुद्ध ६७ मतांनीं युद्धाच्या बाजूचा ठराव झाला, पंतप्रधान हर्टझॉग यांनीं राजीनामा दिला व जनरल स्मट्स पंतप्रधान झाले. देश असा दुभंगलेला असल्यामुळें सक्तीची भरती करतां येईना; देशाबाहेर लढावयास जावयाचें तर शपथ घेऊन स्वेच्छेनें जावयाचें, असें ठरलें. अशी शपथ घेतलेला सैनिक खांद्यावर नारिंगी तांबड्या रंगाची पट्टी लावी. सुमारे ३,३४,००० लोक पुढें आले. त्यांत ७७,००० आफ्रिकन होते, आणि सुमारे ४६,००० 'कलर्ड' व हिंदी वंशाचे होते. त्यांच्यासाठीं नेटिव्ह मिलिटरी कोअर, केप कोअर, इंडियन अँड मलाय कोअर अशीं निराळीं पथकें काढलीं. त्यांनीं मोटारी हांकाव्या, जखमी उचलावे, खंदक खणावे, पहारा द्यावा. पण बंदूक हातीं घेऊं नये. पहाऱ्यावरील आफ्रिकन शिपायास भाला अथवा गांठीची काठी देत. आणि त्यांच्यापैकीं कोणासही अधिकारी होण्याची सोय नव्हती. तेव्हां वर सांगितलेला जो हुद्द्याचा भेद, तो या सैन्यांत सरळसरळ कातडीच्या रंगाचा भेद झाला.

याचा अर्थ काय, हें टोब्रुकच्या दोन माणसांवरून स्पष्ट दिसतें.

पहिला जेरार्ड रॉस नॉर्टन. केप प्रांतांतील हर्शेल येथें १९१५ सालीं जन्मलेला हा तरुण कॅफ्रेरियन रायफल्स या पलटणींत सार्जंट होता. टोब्रुक पडलें, शरण जाण्याचा हुकूम आला. परंतु नॉर्टन व त्याचे कांहीं सोबती शरण न जातां रात्रीं वाळवंटांत निसटले. शत्रूच्या फौजा पुढें अलामीनकडे धांवत होत्या, आणि हे त्यांच्या मागून त्याच दिशेनें पायीं चालले होते. अडतीस दिवसांनीं, तीनशेंहून अधिक मैल तुडवून, ते आपल्या सैन्यास जाऊन मिळाले. नॉर्टनला मिलिटरी मेडल मिळालें.

दुसरा जोब मासेको. नेटिव्ह मिलिटरी कोअरमधील लान्स कॉर्पोरल, कामानें जखमी उचलणारा. तो मात्र कैदी झाला. जर्मन व इटालियन लोक आफ्रिकन कैद्यांना टोब्रुकच्या धक्क्यावर बोटींतील माल उतरविण्यास जुंपीत. मासेको हा सैन्यांत येण्यापूर्वीं खाणींच्या मुलखांतला. सुरुंगाची दारू कशी वागते हें तो जाणत होता. त्यानें एक लहानसा दुधाचा रिकामा डबा मिळविला, काडतुसें फोडून त्यांतील दारू त्यांत भरली, आणि जुलै १९४२ मध्यें एके दिवशीं बोटीच्या तळघरांत पेट्रोलच्या पिंपांमध्यें तो डबा ठेवून त्याची वात वरच्या झांकणापर्यंत आणिली. सोबती पहारेकऱ्यांचें लक्ष दुसरीकडे गुंतवीत होते. सर्व माणसें उतरल्यावर झांकण लावतां लावतां त्यानें वात पेटविली. बोट पेटली आणि बंदरांतच बुडाली. पुढें मासेकोही कैदेंतून निसटला व वाळवंट तुडवीत अलामीनला आपल्या सैन्यांत पोंचला. त्यालाही मिलिटरी मेडल मिळालें.

एकच बंदर, एकच वाळवंट, एकच पदक. येथवर दोघांचा हिशेब सारखा आहे. फरक यापुढें पडतो.

नॉर्टन अधिकारी झाला. लेफ्टनंटाच्या हुद्द्यावर त्याची नेमणूक इटलींत ब्रिटिशांच्या हॅम्पशायर पलटणींत झाली. ३१ ऑगस्ट १९४४ रोजीं मोंतेग्रिडोल्फो येथें जर्मनांच्या 'गॉथिक लाइन' या तटबंदीवर त्याची तुकडी मशीनगनांच्या माऱ्यांत अडकली. तो एकटाच पुढें गेला. पहिला मोर्चा त्यानें हातबाँबनें उडविला. दुसऱ्या मोर्च्यांत दोन मशीनगना व पंधरा बंदूकवाले होते, त्यांच्याशीं दहा मिनिटें झुंजून तोही घेतला. नंतर एका घराचें तळघर व माडी मोकळी केली. जखमेंतून रक्त वाहत असतांही त्यानें तुकडीचें पुढारीपण सोडलें नाहीं. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (त्याच इटलींत, याच्या सात आठवडे आधीं, १० जुलै १९४४ रोजीं, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे हा असाच एकटा मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेला होता. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, या तरुणास तोच क्रॉस मिळाला. परंतु तो घेण्यास तो जिवंत नव्हता.) नॉर्टन युद्धानंतर ऱ्होडेशियांत जाऊन शेती करूं लागला, आणि २००४ सालीं वृद्धापकाळीं वारला.

मासेको लान्स कॉर्पोरलच राहिला. त्याच्या क्रमांकाच्या आरंभीं 'एन्' हें अक्षर होतें, आणि त्या अक्षरापुढें अधिकाऱ्याचा हुद्दा येऊं शकत नव्हता. मिलिटरी क्रॉसचा तर प्रश्नच नव्हता. व्हिक्टोरिया क्रॉस कायद्यानें कोणालाही मिळूं शकत होता; तथापि नेटिव्ह मिलिटरी कोअरमधील एकाही माणसास तो मिळाला नाहीं. त्याच्या रंगामुळेंच तो नाकारला गेला, असें त्याच्या देशांत आजही बोललें जातें. नेव्हिल लुईस या चित्रकारानें काढलेलें त्याचें चित्र मात्र उत्तम आहे. युद्ध संपल्यावर मासेको गरिबींत राहिला, आणि १९५२ सालीं आगगाडीखालीं सांपडून मरण पावला. मीं हें वर्गांत सांगितलें तेव्हां एका मुलीनें विचारलें, "मग त्याच्या पदकाचा त्याला काय उपयोग झाला?" मला उत्तर सुचलें नाहीं.

त्याच कोअरमधील लुकास माजोझी याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. ऑक्टोबर १९४२ मध्यें अलामीनच्या लढाईच्या पहिल्या रात्रीं तो डोलीवाल्याचें काम करीत होता. शत्रूच्या मशीनगनांपासून शंभर यार्डांच्या आंत जाऊन तो जखमी आणीत होता, आणि स्वतःस जखमा झाल्या तरी थांबला नाहीं. डॉक्टरांनीं मलमपट्टीस मागें जावयास सांगितलें, तेव्हां हंसून नको म्हणाला. जोडीदार पडल्यावर तो एकटाच माणसें पाठीवर घेऊन येऊं लागला. त्यास डिस्टिंग्विश्ड कॉंडक्ट मेडल मिळालें. त्या युद्धांत दक्षिण आफ्रिकेच्या काळ्या सैनिकास मिळालेलें तें सर्वांत मोठें पदक होय. हातीं शस्त्र नसलेल्या माणसाचें हें शौर्य मला फॉल्ड्सच्या शौर्याच्या अगदीं जवळचें वाटतें. दोघेही जखमी उचलावयास गेले होते. फॉल्ड्सच्या छातीवर पुढें क्रॉस आणि अधिकाऱ्याचा हुद्दा दोन्ही आले, एवढाच भेद.

वैमानिकांकडे आतां थोडें वळलें पाहिजे, कारण साक्षीदाराचा जो नियम मीं आरंभीं सांगितला तो तेथें फार कडक लागूं पडतो. केप प्रांतांतील बटरवर्थ येथें १९१४ सालीं जन्मलेला पॅट पॅटल यास त्याच्या स्वतःच्या देशाच्या विमानदळानें घेतलें नाहीं. म्हणून तो इंग्लंडांत जाऊन रॉयल एअर फोर्समध्यें अधिकारी झाला. ग्रीसमध्यें जुन्या बांधणीच्या दुपंखी ग्लॅडिएटर विमानांतून व पुढें हरिकेन विमानांतून त्यानें इतकीं विमानें पाडलीं कीं ब्रिटिश बाजूच्या सर्व वैमानिकांत तोच पहिला असावा, असें कित्येक इतिहासकार मानतात. पण आंकडा कोणालाही निश्चित सांगतां येत नाहीं. चाळीस म्हणतात, पन्नास म्हणतात. ग्रीसमधून माघार घेतांना पथकाचे कागद नष्ट झाले. २० एप्रिल १९४१ रोजीं अंगांत ताप फणफणत असतां तो अथेन्सवर झुंजावयास उडाला आणि समुद्रांत कोसळला. त्याच्या नांवापुढें दोनदां मिळालेला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस आहे. त्यापुढील मान देण्यास मृत्यूनंतर एकच मार्ग मोकळा होता, हें आपण पाहिलेंच. आणि त्याला लागणारे कागद राहिले नव्हते.

एडविन स्वेल्स याला तो मार्ग मिळाला. नाताळमधील इनांडा येथील हा मुलगा लहानपणींच पोरका झाला होता; त्याचा बाप पहिल्या युद्धाच्या अखेरच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत गेला, व आईनें मुलांना डर्बनला आणून वाढविलें. स्वेल्सनें बँकेंत नोकरी केली, आरंभीं नाताळ माउंटेड रायफल्समधून ॲबिसिनिया व उत्तर आफ्रिकेंत पायदळाची लढाई केली, आणि मग विमानदळ पत्करलें. इंग्लंडांतील ५८२ व्या स्क्वाड्रनमध्यें तो दाखल झाला, तरी दक्षिण आफ्रिकेच्या विमानदळाच्या रीतीप्रमाणें त्याचा हुद्दा पायदळी, म्हणजे 'मेजर' असाच राहिला. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं जर्मनींतील फोर्झहाइम शहरावरील हल्ल्याचा तो मार्गदर्शक होता. शत्रूच्या विमानानें त्याच्या लँकेस्टरचीं दोन एंजिनें निकामी केलीं व मागील तोफा बंद पाडल्या. तरी काम पुरें होईपर्यंत तो शहरावर घिरट्या घालीत सूचना देत राहिला. परततांना विमान हाताबाहेर जाऊं लागलें. सोबत्यांना उड्या टाकण्याचा हुकूम देऊन तो स्वतः सुकाणूं धरून बसला, कारण त्यानें हात सोडला असता तर त्यांना उडी मारण्याइतका अवधि मिळाला नसता. सगळे वांचले. तो एकटा गेला.

ही गोष्ट मुलांना सांगतांना मी येथें थांबत असें. आतां थांबत नाहीं. त्या रात्रीं फोर्झहाइममध्यें सुमारें वीस मिनिटांत सतरा हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत स्त्रिया, मुलें, म्हातारे होते. स्वेल्सचा व्हिक्टोरिया क्रॉस हा सोबत्यांसाठीं आणि कर्तव्यासाठीं प्राण दिल्याचा आहे, व त्याविषयीं मला शंका नाहीं. पण जें काम पुरें होईपर्यंत तो थांबला, तें काम हें होतें. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला सांगितलें कीं इतकें सगळें मुलांना सांगूं नये. मला वाटतें, चौदा वर्षांच्या मुलास अर्धें सांगितलें तर तो उरलेलें अर्धें दुसऱ्या कोणाकडून वांकडेंतिकडें ऐकतो.

युद्धानंतर पदकांचा उपयोग कसा करावा, याचें एक उदाहरण 'सेलर' मालन यानें घालून दिलें. पूर्वीं बोटींवर नोकरी केल्यामुळें त्याला हें 'खलाशी' नांव पडलें होतें. १९४० च्या इंग्लंडवरील हवाई युद्धांत तो ७४ व्या स्क्वाड्रनचा नायक होता. २७ विमानें, दोनदां डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, दोनदां फ्लाइंग क्रॉस. १९५१ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें केप प्रांतांतील कलर्ड लोकांचीं नांवें सामान्य मतदारयादींतून काढण्याचें विधेयक आणिलें, तेव्हां मालन व त्याच्यासारखे हजारों माजी सैनिक 'टॉर्च कमांडो' या संघटनेंतून हातीं मशाली घेऊन रस्त्यावर उतरले. (त्या वेळचे पंतप्रधानही मालनच, पण ते निराळे, नांवसारखेपणामुळें मुलें परीक्षेंत घोटाळा करतात.) ज्या सत्तेविरुद्ध आपण आकाशांत लढलों तिचेच विचार घरांत शिरत आहेत, असें या लोकांना वाटत होतें. त्यांना यश आलें नाहीं. १९५६ सालीं तीं नांवें निघालींच. मालन कंपवाताच्या दुखण्यानें १९६३ सालीं, बावन्न वर्षांचा असतां, वारला.

पुढें त्या देशाचें राज्यच बदललें. १९९७ सालीं नौदलाच्या एका लढाऊ बोटीला जोब मासेको याचें नांव देण्यांत आलें; ज्यानें बोट बुडविली त्याच्या नांवानें बोट तरंगूं लागली. डर्बनमधील स्वेल्सच्या नांवाचा मोठा रस्ता आज दुसऱ्या नांवानें ओळखला जातो. फॉल्ड्सचा व्हिक्टोरिया क्रॉस जोहान्सबर्गच्या संग्रहालयांतून १९९४ सालीं चोरीस गेला. आणि २००३ सालीं दक्षिण आफ्रिकेनें शौर्यासाठीं जो नवा राष्ट्रीय सन्मान स्थापिला, त्याचें नांव 'ऑर्डर ऑफ मेंडी'. ज्या बोटीवरील माणसांना साधें पदकही नाकारलें होतें, त्याच बोटीचें.

राहिली ती माझ्या विद्यार्थ्याची चांदणी. या अभ्यासांत मला एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट समजली. दुसऱ्या महायुद्धाच्या ह्या चांदण्या इंग्लंडच्या सैनिकांना कोऱ्याच दिल्या गेल्या. मागें कांहीं नाहीं. परंतु हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिका या देशांच्या सैनिकांच्या चांदण्यांवर मागील बाजूस प्रत्येकाचा क्रमांक व नांव उमटविलेलें असे. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला ती पुन्हां आणावयास सांगितली, आणि मधल्या सुटींत खिडकीपाशीं नेऊन उलटी करून पाहिली. सत्तर-ऐंशीं वर्षांच्या मळाखालीं अक्षरें होतीं. ओल्या फडक्यानें हलकेंच पुसल्यावर आधीं आंकडे दिसले, मग नांव, मग पलटण. मुलानें वहीचें शेवटचें पान उघडलें, आणि एकेक अक्षर ताडून पाहत तें उतरवून घेतलें.